हिरव्या कपड्याखालचा हात

डोळ्याच्या आतलं काम बसून करायचं असतं. हाडांचे आणि पोटाचे सर्जन तासन् तास उभं राहून पाय सुजवून घेतात आणि मग कँटीनमध्ये डोळेवाल्यांना टोमणे मारतात, तुमचं काय बुवा, बसल्या जागेचं काम. पूर्वी ती, डोळ्याच्या पडद्याची सर्जन, यावर हसायची. पेशंटच्या डोक्याशी स्टूल, समोर मायक्रोस्कोप, दोन्ही पायांखाली एकेक पेडल, डाव्या हातात सुईएवढी दिव्याची नळी आणि उजव्या हातात तेवढाच बारीक चिमटा. एकदा डोळे मायक्रोस्कोपला लावले की आजूबाजूला काय चाललंय याचा तिला पत्ता नसायचा. सिस्टर म्हणायची, मॅडमच्या पाठीमागून कुणी टेबल-खुर्च्या उचलून नेल्या तरी त्या डोळ्यातला पापुद्रा सोलतच बसतील.

पेशंट जागा असायचा, हे बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. डोळ्यामागे एक इंजेक्शन दिलं की डोळा बधिर होतो आणि हलायचाही थांबतो. मग तोंडावर हिरवा कपडा येतो, त्याला डोळ्यापुरतं भोक. कपडा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ फरशीपर्यंत लोंबतो. आत पेशंट ऐकत पडलेला असतो. काहींना तर स्वतःच्या डोळ्याच्या आत फिरणाऱ्या चिमट्याची सावलीही दिसते. त्याला सांभाळायची एकच गोष्ट, हलायचं नाही. चिमटा पडद्याला लागलेला असताना माणूस जोरात खोकला तर सगळंच मुसळ केरात.

म्हणून तिच्या नवऱ्याने हात धरायची पद्धत काढली होती. तो तिच्याच ऑपरेशनच्या खोलीतला भूलतज्ज्ञ. इंजेक्शन देऊन झालं की त्याला मॉनिटर बघण्यापलीकडे फारसं काम नसे. तो पेशंटच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसायचा, कपड्याखाली हात घालायचा आणि पेशंटचा हात हातात घ्यायचा. खोकला येतोय असं वाटलं तर दाबा, मी मॅडमना थांबवतो. बाकी वेळ तो अंगठा पेशंटच्या हातावरून सावकाश फिरवत राहायचा. पेशंट घरी जाताना तिचे आभार मानायचे आणि आठवण मात्र त्याची काढायचे. घरी जेवताना ती त्याला म्हणायची, बारा वर्षं शिकून डोळा मी वाचवते आणि मिठाई तुला मिळते. तो म्हणायचा, आपलं काम हातावरचं आहे.

गेल्या हिवाळ्यात, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता, तो गेला. हृदयाचं दुखणं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आठवड्याने ती कामावर हजर झाली. बाई धीराची आहे, असं लोक म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता. इंजेक्शननंतर पेशंट सांगतात तसं तिचं झालं होतं, हात लागलेला कळतो पण दुखत नाही. ती वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची, आणि रडू अजून आलं नव्हतं.

नवा भूलतज्ज्ञ तरुण होता, कामाला चोख, पण परक्या माणसाचा हात धरून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो भिंतीशी मॉनिटरजवळ बसायचा. सिस्टरने बाजारातून दाबलं की चूं करणारं एक रबरी बदक आणलं. ते पेशंटच्या उजव्या हातात द्यायचं, खोकला आला की वाजवायचं. मोठमोठे गंभीर गृहस्थ बदक घेऊन टेबलावर चढताना पाहून वॉर्डबॉय तोंड फिरवून हसत.

उन्हाळा लागता लागता एका म्हातारीने पट्टी सोडताना सांगितलं, "त्या हात धरणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार सांगा हं. फार आधार वाटला."

तिला वाटलं, म्हातारीला कुणी तरी जुनी गोष्ट सांगितली असेल. नंतर एका ट्रकवाल्याने तेच सांगितलं. त्याच्यानंतर एका शिक्षिकेने. डावा हात धरला होता, अंगठा फिरवत होते, बोलत मात्र नव्हते.

तिने भूलतज्ज्ञाला विचारलं.

"बीपीचा पट्टा असेल मॅडम," तो म्हणाला. "डाव्या दंडाला असतो ना. फुगला की हात आवळल्यासारखा वाटतो."

हे पटण्यासारखं होतं. तिने पट्टा उजव्या दंडाला बांधायला लावला. पेशंट पुन्हा डाव्या हाताचंच सांगायला लागले. मग तिने सिस्टरला सबंध ऑपरेशनभर डाव्या बाजूला उभं केलं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, चिटपाखरू नव्हतं. मी कपडासुद्धा हलताना पाहिला नाही." आणि त्या दिवशीच्या पेशंटने जाताना विचारलं, ते साहेब आज दिसत नाहीत?

सगळ्याच पेशंटना हे होत नव्हतं. मोतीबिंदूवाल्यांना कधी नाही, साध्या सुटलेल्या पडद्यालाही नाही. व्हायचं ते फक्त व्रणाच्या केसमध्ये. डोळ्याचा पडदा सुटला आणि वेळेत बसवला तर बहुतेक वेळा जागेवर राहतो. काही डोळ्यांत मात्र शरीरच आगाऊपणा करतं. जखम भरायची म्हणून पडद्यावर व्रणाचा पापुद्रा धरतं, मग तो पापुद्रा आकसतो आणि बसवलेला पडदा पुन्हा ओढून काढतो. पडद्याला चुण्या पडतात. अशा वेळी आत निळा रंग सोडून पापुद्रा दिसता करायचा, त्याचं टोक शोधायचं आणि सोलत जायचं. ओल्या टिश्यू पेपरवर साय चिकटलेली आहे आणि टिश्यू न फाडता ती उचलायची आहे, असं ते काम. त्याच वेळी, सोलणं चालू असतानाच, कुणी तरी येऊन हात धरत होतं.

तिला फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तो आहे का. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता आणि हा प्रश्न तिने कुणापुढे उच्चारलाही नसता. पण तिने हळूहळू सोप्या केसेस हाताखालच्या डॉक्टरांकडे वळवल्या आणि व्रणाच्या तेवढ्या स्वतःकडे ठेवल्या. सिस्टरच्या ते लक्षात आलं. 

अशात रेफरी आला. शाळा-कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यांत उभी हयात शिट्टी वाजवलेला माणूस. त्याला घरीदारी सगळे रेफरीच म्हणत, बायकोसुद्धा. डावा डोळा तरुणपणी चेंडू लागून गेलेला. उरलेल्या उजव्याचा पडदा सुटला, दुसऱ्या हॉस्पिटलात दोनदा बसवला, आणि दोन्ही वेळा व्रणाने ओढून काढला. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"मॅडम, चाळीस वर्षं लोक मला मैदानात ओरडून आंधळा म्हणत आले," तो खुर्चीत बसत म्हणाला. "शेवटी त्यांचंच खरं व्हायला लागलं."

"काहीही बोलतात," त्याची बायको म्हणाली. तिने त्याचा शर्ट खांद्यावर नीट केला. "डॉक्टर, होईल का हो काही?"

"बघू. आत गेल्यावर कळेल."

"मला फार नको," रेफरी म्हणाला. "एकट्याने फिरायला जाता आलं पाहिजे. हिच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं म्हणजे ही मला दुकानांतून फिरवते."

एवढी मोठी केस पूर्ण भूल देऊन करायची, असा साधा नियम. तिने मात्र लोकल, म्हणजे नुसतं डोळ्यामागचं इंजेक्शन, लिहिलं. भूलतज्ज्ञाने भुवया उंचावल्या. "तीन तास पडून राहतील?"

"राहतील. शिस्तीचा माणूस आहे."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं आणि बदक धुवायला घेतलं.

डोळ्याच्या आत वाईट अवस्था होती. पडदा खालच्या बाजूला मुठीसारखा आवळलेला, पापुद्रे एकावर एक. तिने रंग सोडला, जादा रंग ओढून घेतला, निळ्याची एक कड उचलली. चिमटा मिटला. पापुद्रा लांबलचक निघून आला आणि खालचा पडदा सैल पडला. खोलीत यंत्राची टिकटिक तेवढी होती. तिने दुसरी कड धरली.

"मॅडम," कपड्याखालून रेफरी म्हणाला. "बोललं तर चालेल?"

"डोकं न हलवता."

"थँक यू म्हणायचं होतं. हात धरलात म्हणून."

तिचे दोन्ही हात डोळ्यात होते. सिस्टर उजवीकडे ट्रॉलीशी होती. भूलतज्ज्ञ भिंतीपाशी बसल्या बसल्या मान वर करून बघत होता.

"कसा आहे हात?" तिने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला.

"कसा म्हणजे?"

"गरम? गार?"

रेफरीने विचार केला. "दोन्ही नाही. अंगठा फिरवताहेत."

चिमटा जागेवरच थांबला. तिच्या छातीत काही तरी हललं, हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच, आणि ते दुखलं. दुखलं म्हणून तिला बरं वाटलं. मग तिने कड पुन्हा धरली आणि सोलायला लागली. त्या दिवशी तिचा हात इतका चांगला चालला की सिस्टर नंतर कँटीनमध्ये चहा घेताना सगळ्यांना सांगत होती. पडद्यावर जड द्रव सोडून तो सपाट बसवला, कडेने लेझर मारला आणि शेवटी डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं.

तेल हलकं असतं, वर तरंगतं. पडद्याला आतून दाबून धरायचं तर पेशंटने पालथं पडून राहायचं. वॉर्डात त्यासाठी एक खास पलंग होता, तोंडाच्या जागी भोक असलेला. रेफरी दिवसभर त्यात तोंड घालून फरशीकडे बघत पडायचा आणि डावा हात पलंगावरून खाली सोडून ठेवायचा.

"काय दिसतंय?" सकाळच्या राउंडला तिने विचारलं.

"फरशी आणि मी. गोलशून्य बरोबरी."

बायको नळावर पेला धुवायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मॅडम, इथेही येतात ते."

"कोण?"

"हातवाले. दिवसा येतात. हात खाली सोडला की धरतात."

तिने पलंगाखाली वाकून पाहिलं. स्वच्छ पुसलेली फरशी होती, एक चपलांचा जोड होता, आणि रेफरीचा लोंबणारा हात. बोटं किंचित मिटलेली.

"आत्ता धरलाय?"

"हो."

तिने स्वतःचा हात पुढे केला आणि मागे घेतला.

चार दिवसांनी पालथं पडणं थांबवायला हरकत नव्हती. तेल आतच राहणार होतं, पडदा सपाट बसला होता, लेझरचे डाग पक्के धरले होते. पण नजर हळूहळू साफ होत होती. परवा त्याला फरशीचा नुसता पांढुरका रंग दिसत होता, काल दोन फरश्यांमधली रेघ दिसली. अजून थोडे दिवस गेले तर त्याला खाली कोण आहे ते दिसेल, आणि हे सांगू शकणारा जगात तो एकटाच माणूस होता. तिने पालथं पडायची पोझिशन आणखी काही दिवस वाढवून दिली.

"अजून?" बायको म्हणाली. "मान मोडून गेलीय हो त्यांची. जेवण घशाखाली उतरत नाही. आधीच्या डॉक्टरांनी तर..."

"आधी दोनदा पडदा सुटलाय," ती म्हणाली. "व्रणाची केस आहे. सांभाळलेलं बरं."

 डॉक्टरपुढे कोण बोलणार. सिस्टर केसपेपर हातात घेऊन उभी होती. जिन्यात ती म्हणाली, "मॅडम, सांभाळतोय कुणाला आपण?"

ती तशीच जिना उतरत राहिली. आपण चुकतोय हे तिला पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनही काही वाटत नव्हतं.

त्यानंतरच्या एका राउंडला रेफरी बोललाच नाही. ती त्याच्या पाठीशी उभी राहिली, रोजच्यासारखी. तो ताठ पडला होता. मानेवर घाम आलेला.

"काय दिसतंय?"

उजव्या हाताने त्याने पलंगाची कड धरली होती.

"रेफरी?"

"मॅडम," तो भोकातून म्हणाला. "उठवा मला."

"आणखी दोन दिवस..."

"उठवा."

तिने आणि बायकोने मिळून त्याला बसता केलं. कपाळावर आणि गालांवर भोकाच्या कडेचा लाल वळ उमटला होता. त्याने समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ वाचून दाखवली. बरोबर वाचली. बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. डोळा वाचला होता. तिने तपासून पाहिलं, पडदा सगळीकडे सपाट होता. असा निकाल तिला वर्षानुवर्षांत मिळाला नव्हता.

तिने बायकोला थेंब आणायला औषधांच्या दुकानात पाठवलं.

"पाहिलंत?" ती म्हणाली.

"पाहिलं."

"कुठल्या बाजूला बसतात? डाव्या?"

"बसतात कुठले." तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. "खाली. उताणा. मी इकडे पालथा, तो तिकडे उताणा. तोंडासमोर तोंड."

"फरशीवर?"

"फरशी जिथे असते तिथे."

ती कॉटच्या कडेला बसली. आता विचारायचंच होतं, लाज कसली.

"चष्मा होता? समोरचे केस विरळ..."

"तुमचे मिस्टर का, असंच विचारताय ना?" तो म्हणाला. "सिस्टर बोलल्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही मॅडम. आणि मी जे पाहिलं त्यावरच बोलतो, अंदाजावर नाही."

"मग पाहिलं ते सांगा."

"डोळे मिटून होता. हात धरलेला. आधी मला वाटलं झोपलाय. मग मी बघतोय हे त्याला कळलं, आणि त्याने डोळे उघडले."

"तुमच्याकडे पाहिलं?"

"नाही. माझ्या पाठीमागे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "पाठीमागे तुम्ही उभ्या होतात. राउंडला."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"ओळख होती का?" तिने विचारलं. "त्याच्या तोंडावर. मला पाहून."

रेफरीने मान खाली घातली. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"ओळखीचं माणूस दिसल्यावर तोंडावर जे येतं ते नव्हतं," तो म्हणाला. "सामन्यात बदली खेळाडू रेषेवर येऊन उभा राहतो. दमलेला गडी बाहेर जाताना त्याच्याकडे बघतो ना, तसं बघितलं."

"मग?"

"मग माझा हात सोडला."

तो त्याच संध्याकाळी घरी गेला. बायकोचा खांदा न धरता जिना उतरला. डॉक्टर म्हणून ती निरोप द्यायलाही गेली नाही. ती खिडकीतून पाहत होती. त्याने पार्किंगमध्ये थांबून वर पाहिलं, आणि हात हलवायला वर केला तो तसाच खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली केस सोपी होती, तरी तिने ती स्वतःकडे घेतली होती. पेशंट टेबलावर आला, इंजेक्शन झालं, हिरवा कपडा पडला. ती स्टूलवर बसली. सिस्टरने दिव्याची नळी तिच्या डाव्या हातात दिली.

नळी खाली पडली.

"अगंबाई, माझंच चुकलं," सिस्टर म्हणाली आणि दुसरी उघडली. तीही तळहातातून निसटून मांडीवर आली.

तिने हाताकडे पाहिलं. बोटं हलत होती. दुखत नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. कालच्या राउंडपासून तो हात थोडा जड वाटत होता, एवढंच. तिने मूठ वळून पाहिली. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. तिने जोर लावला. बोटं आणि तळवा यांच्यामध्ये जागा उरत होती, दुसऱ्या एका हाताएवढी, आणि ती मिटत नव्हती.

"मॅडम?" सिस्टर म्हणाली.

हा तिचा नवरा नाही, हे तिला आता माहीत होतं. तो असता तर त्याने ओळखलं असतं.

"दिवा उजव्या हातात द्या," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलवा."

डावा हात तिने मांडीवरून उचलून स्टूलच्या कडेने खाली सोडला, आणि तो धरणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मूठ आणखी आवळायचं थांबवलं.